बारा दीड अठरा... आणि खजिना सापडला!

हातात जीपीएस, पायात शूज आणि डोक्यात चक्क पाढे! वीकेण्डला काहीतरी हटके करायचं म्हणून लोणारच्या जंगलात खजिना शोधायला निघालेल्या पाच जणांचा हा रिपोर्ट. बेस कॅम्प : मुक्काम पोस्ट सुलतानपूर, जिल्हा बुलढाणा.

२ मे २००० ही तारीख तुमच्या लक्षात असण्याचं काहीच कारण नाही. पण आज तुम्ही मोबाइल बघत बघत अनोळखी गल्लीतल्या बिर्याणीच्या दुकानात बरोब्बर पोहोचता ना, त्याचं बरंचसं श्रेय या तारखेला जातं. तोपर्यंत अमेरिकन सरकार जीपीएसच्या नागरी सिग्नलमध्ये मुद्दाम गडबड करून ठेवायचं. लष्कराला नेमकी जागा दिसायची आणि तुमच्याआमच्यासारख्यांना शंभरेक मीटरपर्यंत इकडेतिकडे. त्या दिवशी ही गडबड बंद झाली.

आणि दुसऱ्याच दिवशी, ३ मेला, डेव्ह अल्मर नावाच्या एका अमेरिकन गृहस्थाच्या डोक्यात किडा वळवळला. खरंच इतकं अचूक दिसतंय का, हे बघायचं कसं? त्याने ओरेगॉन राज्यातल्या बीव्हरक्रीकजवळच्या झाडीत एक बादली ठेवली. तिच्यात पुस्तकं, सॉफ्टवेअर, एक गलोल, चक्क बीन्सचा एक डबा. मग त्या जागेचे अक्षांश-रेखांश त्याने इंटरनेटवर टाकले. अट एकच : सापडलं तर त्यातलं काहीतरी घ्या, आपलं काहीतरी ठेवा आणि वहीत नोंद करा. काही दिवसांतच माइक टीग नावाच्या माणसाने ती बादली शोधून काढली. महिना संपायच्या आत या खेळाचं बारसंही झालं, जिओकॅशिंग! आज जगभरात असे तीस लाखांहून जास्त 'कॅश' लपवलेले आहेत. (हा कॅश म्हणजे रोकडा नव्हे हं, लपवून ठेवलेला साठा.)

डोकं चालवा, मग पाय चालवा

यातला सगळ्यात सोपा प्रकार म्हणजे आकडे फोनमध्ये टाका, बाण दाखवेल तिकडे चाला, डबा उघडा. पण हे काही दिवसांत बोअर होतं. म्हणून खेळाडूंनी कोडी आणली. आकडे थेट द्यायचेच नाहीत! एखादं गणित सोडवलं की त्याचं उत्तर हेच पुढच्या जागेचे आकडे. तिथे पोहोचलात की पुढचं गणित. नकाशावर अशा कोड्यांची खूण निळं प्रश्नचिन्ह.

आमच्या ग्रुपमधल्या एका मित्राला हा नाद लागलाय. एरवी तो कंपन्यांचे ताळेबंद तपासतो. त्याचं आजोळ सुलतानपूर. मेहकरहून लोणारला जाताना वाटेत लागतं ते. तिथून लोणारचं विवर गाडीने वीसेक मिनिटांवर. जानेवारीतल्या एका लाँग वीकेण्डला त्याने जाहीर केलं, 'कोडं मी काढतो, मुक्काम आमच्याकडे, जेवण आजीच्या हातचं.' पुण्यातल्या चार वेगवेगळ्या ऑफिसांतले चार जण शेवटचं वाक्य ऐकून लगेच तयार झाले. शनिवारी सकाळी त्याने पुढचा बॉम्ब टाकला. फोनमधलं जीपीएस वापरायला परवानगी, कॅल्क्युलेटरला मात्र बंदी.

'म्हणजे आम्ही काय मनात गुणाकार करायचे?' आमची एचआरवाली मैत्रीण अक्षरशः किंचाळली.

'बँकेतला माणूस आहे ना बरोबर,' तो म्हणाला. बँकेतला माणूस लगेच दुसरीकडे बघायला लागला.

डबा जंगलात नाहीच!

पुढे जाण्याआधी एक महत्त्वाची गोष्ट. लोणारला डबा लपवायचा नसतो. ही जागा साधीसुधी नाही. काळ्या बसाल्ट खडकात उल्का आदळून झालेलं हे विवर, व्यास १.८ किलोमीटरच्या आसपास, खोली साधारण दीडशे मीटर. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने १९७९ मध्ये त्याला राष्ट्रीय भू-वारसा स्मारक ठरवलं. २००० मध्ये ते अभयारण्य झालं, म्हणजे जिओकॅशिंगचं आणि या अभयारण्याचं जन्मवर्ष एकच. २०२० मध्ये तळं रामसर यादीत गेलं. त्याच वर्षी जूनमध्ये पाणी एकदम गुलाबी झालं होतं आणि आपण सगळ्यांनी लॉकडाउनमध्ये घरी बसून ते फोटो फॉरवर्ड केले होते, आठवतंय? खारं पाणी आवडणाऱ्या सूक्ष्मजीवांची ती करामत, असं पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत निघालं.

अशा जागी प्लॅस्टिकचा डबा ठेवणं म्हणजे नुसता कचरा. माकडं तो फोडणार, मागून येणारे शोधताना झुडपं तुडवणार. यावर या खेळात एक झकास उपाय आहे, 'अर्थकॅश'. अमेरिकेतल्या जिऑलॉजिकल सोसायटीने २००४ मध्ये सुरू केलेला हा प्रकार. डबा नाहीच. जागेवर जायचं, निरीक्षण करायचं, प्रश्नाचं उत्तर शोधायचं, हाच खजिना. आमच्या मित्राने दोन्हीची भेळ केली. विवरात फक्त प्रश्न आणि खरा डबा सुलतानपूरला, त्याच्या मामाच्या शेतात. गाइड बरोबर, वाट सोडायची नाही, काही तोडायचं नाही, उजेडात आत आणि उजेडातच बाहेर.

एका सेकंदात नापास होणारा फोन

पहिली चिठ्ठी विवराच्या काठावर उघडली. 'सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने या विवराची नोंद केली ते साल, स्मारक जाहीर झालं त्या सालातून वजा करा. उत्तर जपून ठेवा.' १९७९ वजा १८२३. शाळेत उभी मांडणी करून हातचे घेतले असते. पण मनात करायचं तर उलटं चढत जाणं सोपं. १८२३ मध्ये शंभर घातले की १९२३, आणखी छप्पन की १९७९. उत्तर १५६. एचआरवालीने ते सगळ्यांत आधी सांगितलं आणि पुढचा अर्धा तास ती हवेत होती.

मग उतरण. वर उघडं माळरान आणि खाली गच्च झाडी, हा बदल दहा मिनिटांत होतो. चिंच, कडुनिंब, बाभळी, मध्येच सागाची मोठाली पानं. मोरांचे आवाज सतत, दिसतो मात्र एखादाच. तळाशी पोहोचेपर्यंत फोनवरची रेंज गेली. इथे एक गैरसमज आधी दूर करूया. जीपीएसला मोबाइलची रेंज लागत नाही. त्याचे सिग्नल थेट उपग्रहांकडून येतात. रेंज लागते ती नकाशा डाउनलोड करायला. पण चारी बाजूंनी विवराच्या भिंती आणि डोक्यावर फांद्या असल्या की उपग्रह कमी दिसतात, सिग्नल आपटून आपटून येतात. मोकळ्या आकाशाखाली फोन साधारण पाच मीटरपर्यंत नेमका असतो. त्या झाडीत आमचा बाण कधी तळ्याकडे, कधी कड्याकडे, कधी सरळ आमच्या गाइडकाकांकडे वळत होता.

दुसरी चिठ्ठी पश्चिम बाजूच्या वाटेवर, काठापासून शंभरेक मीटर आत. 'इथून रेखांशात मिनिटाचे ४० हजारांश पूर्वेला जा.'

हे ऐकायला भयंकर वाटतं, पण हिशेब अगदी साधा आहे. पृथ्वीचा घेर सुमारे ४०,००० किलोमीटर. त्याचे अंश ३६०, प्रत्येक अंशाची मिनिटं ६०, म्हणजे एकूण २१,६०० मिनिटं. तेव्हा एक मिनिट म्हणजे साधारण १.८५ किलोमीटर आणि मिनिटाचा हजारावा भाग म्हणजे १.८५ मीटर. उत्तर-दक्षिण जाताना हाच आकडा धरायचा. पूर्व-पश्चिम जाताना मात्र रेखांशाच्या रेषा ध्रुवांकडे जवळ जवळ येत जातात, त्यामुळे लोणारच्या अक्षांशावर तोच भाग पावणेदोन मीटरचा होतो.

बँकवाल्याला राहवलं नाही. त्याने पाठ वळवून फोनवर कॅल्क्युलेटर उघडला (मागाहून कबूल केलं) आणि छाती फुगवून सांगितलं, 'सातशे मीटर!'

आम्ही निघणारच होतो. गाइडकाका पूर्वेकडे बघत शांतपणे म्हणाले, 'ताई, तिकडं तं पाणीच हाय.'

खरंच की! तळ्याचा व्यास सुमारे १.२ किलोमीटर. शंभर मीटर झाडी आणि पुढे सहाशे मीटर पाणी, म्हणजे आमचा खजिना तळ्याच्या जवळजवळ मध्यभागी, त्या खाऱ्या पाण्यात निघत होता! बोट घसरून ४० च्या जागी ४०० पडले होते. एक शून्य, बस्स. फोनला त्याचं काहीच वाटलं नाही. त्याने न अडखळता, दशांशासकट उत्तर दिलं.

मग मी मोठ्याने केलं. चाळीसचे एक पट चाळीस. चाळीसचे पाऊण पट तीस. एकूण सत्तर मीटर. आता सत्तर मीटर मोजायचे कसे? बाण तर नाचतोय. उपाय सकाळीच करून ठेवला होता. सुलतानपूरच्या रस्त्यावर आम्ही टेपने ७५ मीटर मोजून चाललो होतो. माझी पावलं झाली शंभर, म्हणजे एक पाऊल पाऊण मीटरचं. मग सत्तर मीटरसाठी किती? त्र्याण्णव पाऊण पावणेसत्तर. त्र्याण्णव पावलं. त्याच वाटेने, सूर्य पाठीवर घेऊन मोजत गेले आणि एका छोट्या मोकळ्या जागेत पोहोचले. मधोमध एकटं चिंचेचं झाड आणि कोडं काढणारा मित्र बुंध्याला टेकून हसत बसलेला.

मोर, साप आणि सावली

तिसरा प्रश्न : या झाडाची उंची किती? वर चढायचं नाही.

इथे कामाला आलं ते त्रैराशिक. मित्राकडे एक मीटर लांबीची काठी होती. सव्वातीनच्या सुमाराला ती उभी धरली, सावली पडली दीड मीटर. झाडाची सावली पावलांनी मोजली, चोवीस पावलं. चोवीस पाऊण अठरा, म्हणजे अठरा मीटर. सावली उंचीच्या दीडपट, तर अठरा कशाची दीडपट? बारा दीड अठरा. झाड बारा मीटरचं!

हे सावलीचं गणित आपल्याकडे फार जुनं आहे. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये 'लीलावती' लिहिली, तिच्यात सावल्यांवरची उदाहरणं आहेत. आणि मोराचंही एक आहे. नऊ हात उंच खांबावर मोर बसलाय, खांबाच्या बुडाशी सापाचं बीळ. मोराला सत्तावीस हातांवर साप दिसतो, बिळाकडे येणारा. मोर तिरका झेपावतो, दोघं सारख्याच वेगाने जातात. मग बिळापासून किती हातांवर गाठ पडेल? उत्तर बारा हात. मोर पंधरा हात उडतो, साप पंधरा हात सरपटतो. (ताळा करून बघा : नवाचा वर्ग ८१, बाराचा १४४, बेरीज २२५, म्हणजे पंधराचा वर्ग.) या भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, त्याची १२०७ सालची नोंद चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात आहे. खऱ्या मोरांच्या आवाजात हे उदाहरण ऐकताना जी मजा आली ती वर्गात कधीच आली नव्हती.

पण मजेला घड्याळ होतं. जानेवारीत सहाच्या पुढे लोणारमध्ये सूर्य मावळतो आणि विवराच्या तळाशी सावली त्याच्या किती तरी आधी येते. गाइडकाकांचा ठोकताळा असा, की उतरायला लागला त्याच्या दीडपट वेळ चढायला धरायचा. उतरायला चाळीस मिनिटं, चाळीस दीड साठ. पावणेचारला आम्ही चढायला लागलो आणि पावणेपाचला वर होतो, चांगल्या उजेडात. त्या पाण्यातल्या खजिन्यामागे तळ्याला वळसा घालत बसलो असतो तर काय झालं असतं, याचं गणित कुणी केलं नाही.

आजोबांचा सर्व्हर

सुलतानपूरला चहा घेताना शेवटची चिठ्ठी उघडली. हाती तीन आकडे होते : १५६, ७० आणि १२. तिघांची बेरीज हे अक्षांशाचे शेवटचे तीन अंक, मोठ्यातून दोन्ही लहान वजा केले की रेखांशाचे. आम्ही ओठ हलवायच्या आत कोपऱ्यातल्या खाटेवरून आवाज आला, 'दोनशे अडतीस अन् चौऱ्याहत्तर.'

हे मित्राचे आजोबा. प्राथमिक शाळेतले निवृत्त मास्तर. त्यांच्या लहानपणी रोज संध्याकाळी दिवा लागला की परवचा म्हणायला बसावं लागायचं. त्यात आपले साधे पाढे तर असायचेच, शिवाय पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा, बरं का! बाजारात पावशेर-अडीचशेराचे भाव चालायचे, तेव्हा हे पाढे हीच पोराची पहिली नोकरी. पुढे दशमान आलं, मग कॅल्क्युलेटर आला आणि औटकी अंकलिपीतच राहिली.

'आजोबा, झाडाची उंची आम्ही अंदाजाने काढलीय,' मी विचारलं. 'एखाद्या मीटरने इकडेतिकडे असली तर डबा सापडेल?'

'मंग करून पाय ना, पोरी. एकाचा फरक पडला तं जागा किती सरकते?'

एक हजारांश उत्तरेला १.८५ मीटर, एक हजारांश बाजूला पावणेदोन मीटर. तिरकं मोजलं तर साधारण अडीच मीटर. म्हणजे डबा त्याच झाडाखाली!

'थो फोन उत्तर सांगते,' आजोबा म्हणाले, 'पण उत्तर कुठंसं असाले पाह्यजे, हे आपल्यालेच ठाऊक पाह्यजे.'

बँकवाला हे ऐकून एकदम गंभीर झाला. म्हणाला, त्याच्याकडे रोज लोक कर्जाच्या कागदांवर सह्या करतात. वीस लाखांवर नऊ टक्के म्हणजे वर्षाचं व्याज सुरुवातीला एक लाख ऐंशी हजार, महिन्याचे पंधरा हजार नुसते व्याजाचे, एवढंसुद्धा मनात कुणी करत नाही. स्क्रीनवर येईल तो हप्ता खरा. त्यात एखादं शून्य इकडचं तिकडे झालं, तर 'तिकडं पाणी हाय' म्हणणारा गाइड तिथे नसतो.

सापडला!

अंधार पडता पडता शेतात पोहोचलो. मोकळं आकाश, बाण एकदम शहाण्यासारखा स्थिर. बांधावरच्या कडुनिंबाच्या बुंध्याशी, दगडाआड, जमीन न उकरता ठेवलेला स्टीलचा डबा. आत एक वही, पेन आणि आजोबांची जीर्ण झालेली अंकलिपी. 'काहीतरी घ्या, काहीतरी ठेवा' या नियमाला अपवाद म्हणून अंकलिपी परत द्यायची, पण त्यातलं एक पान पाठ करून न्यायचं, अशी वहीत अट. एचआरवालीने दिडकी घेतली, मी पाऊणकी. बँकवाल्याने औटकी घेतली आणि परतीच्या गाडीत जालना येईपर्यंत आम्हाला छळलं. औट नवं साडेएकतीस, औट नवं साडेएकतीस...

तुम्हालाही जायचंय?

कसं जाल : छत्रपती संभाजीनगरहून जालना, सिंदखेडराजामार्गे लोणार, साधारण दीडशे किलोमीटर. जवळचं मोठं रेल्वे स्टेशन जालना. समृद्धी महामार्गाने येत असाल तर मेहकरला उतरा, तिथून लोणारच्या रस्त्यावर सुलतानपूर लागतं. सिंदखेडराजाला जिजाऊंचं जन्मस्थान आहे, तिथे थांबाच.

कधी : नोव्हेंबर ते फेब्रुवारी. उन्हाळ्यात विवराची अक्षरशः भट्टी होते.

काय न्याल : पाणी, टोपी, चांगली पकड असलेले शूज, आधी डाउनलोड केलेला नकाशा, एक मीटरची काठी, वही-पेन्सिल. वन विभागाचे नियम आणि प्रवेशाच्या वेळा आधी विचारा, गाइड घ्याच.

काय नेऊ नये : लपवायचा डबा. अभयारण्यात फक्त प्रश्न लपवा. डबा खासगी जागेत आणि मालकाला विचारूनच.

चार आकडे खिशात : अक्षांशाच्या मिनिटाचा हजारावा भाग १.८५ मीटर, रेखांशाचा महाराष्ट्रात साधारण पावणेदोन मीटर, तुमचं एक पाऊल (घरासमोरच्या रस्त्यावर मोजून ठेवा) आणि चढाला उतरणीच्या दीडपट वेळ.

पहिला सराव : लोणारपर्यंत थांबायची गरज नाही. उद्या लंचला पाच जणांचं बिल आलं की फोन काढायच्या आधी प्रत्येकी किती, ते मनात सांगून टाका. दहाने भागा, दुप्पट करा. झालं! सुट्टे पैसे मात्र ज्याचे त्याने आणावेत.